बोर्ड लहान झाला, गर्दीही कमी झाली

गेल्या महिन्यात मी माझा विंडसर्फिंगचा जुना बोर्ड विकायला काढला होता. १६० लिटरचा, जाडजूड, कडेला दोन ठिकाणी ठिगळे लावलेला. तीन जण येऊन पाहून गेले. चौथ्याने सांगितलेली किंमत न घासता देऊ केली, तेव्हा मीच नाही म्हणालो. तो बिचारा चक्रावून गेला. माझ्या त्या नकारामागे साठेक वर्षांचा एक इतिहास आहे आणि माझी स्वतःची एक मोठी चूकही आहे. दोन्ही सांगण्यासाठी हा लेख.

आधी थोडी ओळख. मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्या कोकणी मुसलमानांच्या वस्तीत घरटी एक माणूस जहाजावर नाहीतर आखातात असतोच. माझे दादा, म्हणजे आजोबा, शिडाच्या गलबतावर खलाशी होते. मंगळुरी कौले भरून गलबत उत्तरेला यायचे. अब्बांनी समुद्राकडे पाठ फिरवली आणि शिक्षकी पत्करली. मी नोकरीसाठी दुबईला आलो आणि वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, लोक गुडघ्यांच्या तक्रारी सुरू करतात त्या वयात, शीड हातात घेतले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एक लांबट फळी. तिच्या मधोमध शिडाची काठी बसवलेली, पण पक्की ठोकलेली नाही. खाली फिरता सांधा असतो, त्यामुळे काठी हव्या त्या दिशेला कलते. खेळाडू फळीवर उभा राहून शिडाला जोडलेला बूम हातात धरतो. सुकाणू नसते. शीड पुढे कलवले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवले की वाऱ्याकडे येते. डोलकाठी, सुकाणू आणि खलाशी यांचे काम एकच माणूस आपल्या अंगाने करतो.

लांब बोर्डाचा जन्म

हा खेळ कोणी शोधला, यावर कोर्टात वर्षानुवर्षे भांडणे झाली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यूमन डार्बी नावाचा माणूस होता. त्याने पत्नी नेओमी हिच्या साथीने १९६४ च्या सुमारास शीड लावलेली फळी तयार केली आणि ऑगस्ट १९६५ च्या 'पॉप्युलर सायन्स' मासिकात तिच्यावर सचित्र लेख लिहिला. त्याचे शीड पतंगासारखे होते आणि खेळाडू त्याला पाठ लावून उभा राहायचा. डार्बीने पेटंट घेतले नाही.

दुसरीकडे कॅलिफोर्नियात जिम ड्रेक हा विमानविद्येचा अभियंता आणि त्याचा मित्र हॉयल श्वाइट्झर यांनी वेगळी रचना केली. फिरता सांधा, त्रिकोणी शीड आणि दोन्ही बाजूंनी धरता येईल असा बूम. मे १९६७ मध्ये ड्रेकने मरीना डेल रे येथे ती पाण्यावर चालवून पाहिली. १९६८ मध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० च्या जानेवारीत ते मिळाले. पुढे ड्रेकने आपला हिस्सा श्वाइट्झरला विकून टाकला. श्वाइट्झरने 'विंडसर्फर' या नावाने बारा फुटी बोर्ड बाजारात आणला आणि खेळाचे नावही तेच पडले.

हे पेटंट इंग्लंडमध्ये मात्र टिकले नाही. १९८५ च्या निकालात तिथल्या अपील न्यायालयाने ते रद्द ठरवले. डार्बीचा लेख पुराव्यात होताच, शिवाय पीटर चिल्व्हर्स या इंग्रजाने १९५८ मध्ये, अवघ्या बारा वर्षांचा असताना, हेलिंग बेटावर अशीच शिडाची फळी करून चालवली होती, हेही पुढे आले. पेटंटच्या कायद्याचा अभ्यास करणारे विद्यार्थी आजही तो खटला वाचतात. एका पोराचा उन्हाळी सुट्टीतला उद्योग कायद्याच्या पुस्तकात गेला!

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. तो पहिला बोर्ड बारा फुटांचा होता. म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त. त्यावर नवशिका सहज उभा राहू शकत असे. खाली डॅगरबोर्ड नावाची पाती असायची, त्यामुळे मंद वाऱ्यातही तो तिरका वर चढू शके. समुद्रच हवा असे नव्हते, तळे चालत होते. सोसाट्याचा वाराही लागत नव्हता, रविवार दुपारची झुळूक पुरत होती. सत्तरच्या दशकात हॉलंड, जर्मनी, फ्रान्स इथे हा खेळ वणव्यासारखा पसरला तो यामुळेच. गाडीच्या टपावर बोर्ड बांधून अख्खे कुटुंब निघायचे. बाप, मुलगी, शेजारी सगळे एकाच बोर्डावर आळीपाळीने शिकायचे.

हवाईत कापाकापी

मग हा बोर्ड हवाई बेटांवर पोचला. तिथला व्यापारी वारा तळ्यावरच्या झुळकेसारखा नाही. तो दिवसचे दिवस जोराने वाहतो आणि लाटाही तशाच उंच. ओआहू बेटावरच्या कैलुआ गावातल्या लॅरी स्टॅन्ली, माइक होर्गन वगैरे तरुणांना बारा फुटी बोर्ड जोराच्या वाऱ्यात आवरेना. वेग वाढला की त्याचे तोंड हवेत उचलले जाई, लाटेवर तो आदळे आणि माणूस फेकला जाई.

इथे मला दादांची एक गोष्ट आठवते. ते सांगायचे, रिकामे गलबत भरलेल्या गलबतापेक्षा धोक्याचे. माल उतरवला की पोटात दगड, वाळू भरावी लागे. नाहीतर गलबत पाण्यावर उंच राहते, वारा त्याला हवे तसे लोळवतो. मोठ्या बोर्डावर हलका माणूस आणि अंगावर जोराचा वारा म्हणजे तेच रिकामे गलबत. बोर्डात दगड भरता येत नाहीत. म्हणून हवाईच्या पोरांनी बोर्डच कापला.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तीन गोष्टी रूढ केल्या. पाय अडकवायला पट्टे, म्हणजे फूटस्ट्रॅप. शिडाचा ओढा हातांऐवजी कमरेवर घेणारा हार्नेस. आणि आखूड बोर्ड. १९७६ मध्ये रॉबी नॅश हा कैलुआचाच मुलगा तेराव्या वर्षी जगज्जेता झाला, आणि पुढे हवाईच्या लाटांवर त्याने जे केले त्याची छायाचित्रे जगभरच्या मासिकांत झळकली. माउई बेटावरचा होओकिपा किनारा या खेळाची पंढरी बनला. ऐंशीच्या दशकात बोर्ड साडेतीन मीटरवरून अडीच-पावणेतीन मीटरवर आला.

वेगाचे आकडे पाहा. १९८३ मध्ये अमेरिकेच्या फ्रेड हेवूडने इंग्लंडमधल्या वेमथ इथे ३०.८२ नॉट, म्हणजे ताशी ५७ किलोमीटरचा वेग गाठला. तीनच वर्षांनी, १९८६ मध्ये, फ्रान्सच्या पास्कल माकाने फुएर्तेव्हेंतुरा बेटावर ३८.८६ नॉट गाठले. शिडाच्या सगळ्या नौकांचा तोवरचा विक्रम 'क्रॉसबो २' या मोठ्या जोडनौकेचा होता, ३६ नॉटचा. एका माणसाने एका लहानशा फळीवर उभे राहून तो मोडला.

लिटरचा हिशोब

लहान बोर्ड वेगाने का जातो आणि बुडतो का, हे समजायला आर्किमिडीज पुरेसा आहे. बोर्डाचे आकारमान लिटरमध्ये मोजतात. एक लिटर म्हणजे साधारण एक किलो वजन तरंगवण्याची ताकद.

माझे वजन ७८ किलो. शीड, काठी आणि बूम मिळून ९. बोर्ड स्वतः ७. ओले कपडे आणि हार्नेस ३. एकूण ९७ किलो. १६० लिटरचा बोर्ड हे वजन पेलून वर ६३ किलो शिल्लक ठेवतो. म्हणून त्यावर उभे राहून गप्पा मारता येतात. १०५ लिटरवर शिल्लक फक्त ८. पाय जरा चुकीच्या जागी पडला की कड पाण्याखाली. आणि ८५ लिटरवर शिल्लक उणे १२. म्हणजे थांबलात की बोर्ड तुमच्यासह खाली जातो. आखाताचे पाणी जास्त खारट, त्यामुळे दोन-तीन किलोंची सूट मिळते इतकेच.

मग असा बुडणारा बोर्ड चालतो कसा? वेगामुळे. पुरेसा वेग आला की बोर्ड पाणी कापत जाण्याऐवजी पाण्याच्या वर येऊन घसरू लागतो. याला प्लेनिंग म्हणतात. तेव्हा त्याला तरंगवणारे लिटर नसतात, वेग असतो. पाण्याला टेकणारा भाग जितका कमी तितका अडथळा कमी आणि ताबा जास्त. पण हा सौदा वाऱ्याच्या भरवशावर आहे. वारा गेला की वेग गेला, आणि वेग गेला की उरतो तो लिटरचा हिशोब.

सुरुवातही बदलते. मोठ्या बोर्डावर उभे राहून दोरीने शीड पाण्यातून वर ओढता येते. लहान बोर्डावर उभेच राहता येत नाही. तिथे पाण्यात उताणे पडून, पाय बोर्डावर ठेवून, शीड डोक्यावर धरायचे. त्यात वारा भरला की तोच तुम्हाला उचलून उभे करतो. याला वॉटरस्टार्ट म्हणतात. अर्थात त्यालाही वारा लागतो.

माझी चूक

हे सगळे मला तोंडपाठ होते. तरीही मी चुकलो.

तिसऱ्या हंगामात मला १६० लिटरच्या बोर्डाची लाज वाटू लागली. किनाऱ्यावर माझ्या निम्म्या वयाची पोरे काखेत चिमुकले बोर्ड मारून यायची, आणि मी दोन्ही हातांनी माझे धूड ओढत न्यायचो. कोणी काही बोलत नव्हते. पण मनात एक आवाज होता, की मोठा बोर्ड म्हणजे बालवाडी. वॉटरस्टार्ट मला दहातून चार वेळा जमत होता. तेवढ्या भांडवलावर मी ८५ लिटरचा जुना बोर्ड विकत घेतला. एका उडीत ७५ लिटर खाली.

चौथ्या दिवशी दुपारी चांगला खारा वारा होता. मी किनाऱ्यापासून बराच आत गेलो. बोर्ड असा पळत होता की मला स्वतःचा हेवा वाटला. घड्याळाकडे लक्ष नव्हते. सूर्य कलला आणि खारा वारा रोजच्या रिवाजाप्रमाणे पडला. हे शाळेच्या भूगोलात शिकलो होतो. जमीन थंड होऊ लागली की समुद्राकडून येणारा वारा थांबतो. बोर्ड माझ्यासह गुडघाभर पाण्यात गेला. वॉटरस्टार्टला वारा नव्हता, शीड ओढायला बोर्ड तरंगत नव्हता. बोर्डावर पालथे पडून हातांनी वल्हवत राहिलो, मागे ओले शीड नांगरासारखे ओढत. ओहोटी मला किनाऱ्यापासून दूर नेत होती. किनाऱ्यावरचे दिवे लागले तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली.

मासेमारीची एक फायबरची होडी परत येत होती, तिच्यावरच्या तमिळ खलाशांनी मला पाहिले आणि दोर टाकला. वर घेतल्यावर त्यातल्या वयस्कर माणसाने मोडक्या हिंदीत एवढेच विचारले, "इतना छोटा क्यों लिया?" माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी बायकोला तीन दिवसांनी सांगितले. ती काही बोलली नाही, हे बोलण्यापेक्षा वाईट होते. त्यानंतर सहा महिने मी पाण्याकडे फिरकलो नाही. खेळ जवळपास सुटलाच.

जे माझे झाले तेच खेळाचे झाले

त्या सहा महिन्यांत मी या खेळाचा इतिहास वाचत बसलो, आणि मला आपलीच गोष्ट मोठ्या अक्षरांत दिसली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दुकानांतून लांब बोर्ड मागे पडले आणि आखूड बोर्ड पुढे आले. मासिकांत हवाईच्या लाटा, जाहिरातीत हवाईच्या लाटा. पण गिऱ्हाईक राहत होता म्युनिकजवळच्या तळ्याकाठी. आखूड बोर्ड पळवायला किमान चौदा-पंधरा नॉटचा वारा लागतो आणि तिथे उन्हाळ्यात तो क्वचितच मिळतो. बोर्ड घेऊन माणूस रविवारी काठावर वाऱ्याची वाट पाहत बसायचा. वारा आला तरी बुडणाऱ्या बोर्डावर नवशिका काय करणार? बायकामुले तर आधीच गळाली. वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी वेगवेगळे बोर्ड आणि शिडे घ्यायची म्हणजे खर्चही वाढला. नव्वदच्या दशकात गर्दी ओसरली, कितीतरी उत्पादक बंद पडले किंवा विकले गेले. गर्दी कमी होण्याची इतरही कारणे असतील, पण माझ्या मते मुख्य कारण हेच. जे मोजक्या कसलेल्या खेळाडूंसाठी योग्य होते, ते सगळ्यांसाठी मापदंड ठरवले गेले. तो आखूड बोर्ड वाईट नव्हता. 'मोठा बोर्ड म्हणजे बालवाडी' हा विचार वाईट होता.

गंमत म्हणजे खेळाला यातून बाहेर काढणाऱ्यांत पुन्हा जिम ड्रेकच होता. म्हातारपणी त्याने 'स्टारबोर्ड' या कंपनीबरोबर रुंद बोर्डांवर काम केले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक नवा विचार पुढे आला. लांबी कमी करा, पण रुंदी वाढवा. आखूड असूनही रुंद बोर्ड स्थिर राहतो आणि कमी वाऱ्यातही लवकर घसरू लागतो. शिकवण्याचे बोर्डही तसेच झाले. माझा १६० लिटरचा बोर्ड त्याच वंशातला.

ऑलिंपिकच्या बोर्डांची मापे पाहिली की हा प्रवास स्वच्छ दिसतो. हा खेळ १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आला, महिलांसाठी स्वतंत्र स्पर्धा १९९२ ला बार्सिलोनात सुरू झाली. १९९६ ते २००४ या काळात 'मिस्ट्रल' बोर्ड होता, ३७२ सेंटिमीटर लांब. २००८ ते टोकियोपर्यंत 'आरएस:एक्स', २८६ सेंटिमीटर लांब आणि ९३ रुंद. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 'आयक्यूफॉइल', लांबी फक्त २२० आणि रुंदी ९५. या शेवटच्या बोर्डाखाली पाण्यात पंख असतो, तो बोर्डाला पाण्याबाहेर उचलतो. लांबी दीड मीटरने घटली, पण रुंदी वाढली. म्हणजे खेळाडूला उभे राहायला जागा ठेवूनच बोर्ड लहान केला गेला.

आपल्या इबाद अलीने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, कांस्यपदक मिळवले ते 'आरएस:एक्स' वरच. ऑलिंपिकने तो बोर्ड सोडला होता, पण पदकाचे तेज त्याने कमी होत नाही. आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमी क्रिकेटच्या खाली दोन ओळींत आली, याची खंत मात्र आहे.

पायरी पायरीने

सहा महिन्यांनी मी परत पाण्यात गेलो, तो १६० लिटरच्याच बोर्डावर. या वेळी लाज बाजूला ठेवली आणि त्याच बोर्डावर सगळे शिकलो. तरंगणाऱ्या बोर्डावरही वॉटरस्टार्ट करता येतो, फक्त आळस येतो. मी तो मुद्दाम करत राहिलो, दहातून नऊ वेळा जमेपर्यंत. हार्नेस लावून दोन्ही पाय पट्ट्यांत अडकवून जायला शिकलो. जोराच्या वाऱ्यात बोर्ड उधळू लागला, आदळू लागला, तेव्हा कळले की आता खरोखर लहान बोर्ड हवा आहे. आधी तो मला दाखवण्यासाठी हवा होता.

मग १३० लिटर. त्यावर एक पूर्ण हंगाम. आता १०५. दर वेळी वीस-तीस लिटरची एक पायरी. प्रत्येक पायरीवर काहीतरी विसरावे लागते. मोठा बोर्ड हातांनी वळतो, शीड कलवून. लहान बोर्ड पायांनी वळतो, कड दाबून. लहान बोर्डावर आधी काठीजवळ मधल्या रेषेवर उभे राहायचे, वजन बूमवर टांगायचे, वेग आला की मगच एकेक पाऊल मागे. घाईने मागे सरकलात की शेपटी बुडाली. आणि सूर्य कलायच्या आधी किनारा गाठायचा. ८५ लिटरचा बोर्ड मी विकून टाकला. पुन्हा घेईन की नाही, माहीत नाही.

तर तो चौथा गिऱ्हाईक पैसे घेऊन उभा होता आणि मी १६० लिटरच्या बोर्डाकडे पाहत होतो. आतून माझी चौदा वर्षांची लेक बाहेर आली. तिने त्या बोर्डाकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाली, "अब्बा, हा गेला तर मी कशावर शिकू?"

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघे किनाऱ्यावर होतो. वारा जेमतेम सात-आठ नॉट. माझा १०५ लिटरचा बोर्ड त्या वाऱ्यात निरुपयोगी, तो वाळूत पडून होता. ती सोळा वेळा पडली. सतराव्या वेळी शीड वर आले आणि ती उभी राहिली, दोन्ही पाय कोरडे.